आंदणाचा कुकर

सौंसर, २९ जानेवारी १९८९

श्रीधर,

चिरंजीव लिहायची हाताला सवय आहे, पण आज तो शब्द कागदावर उतरेना. आशीर्वादाचंही तसंच झालं. पुढं कधी उतरले तर लिहीन.

वंदनाची पट्टी काल सोडली. तुझ्या दुकानातला कुकर फुटला, त्यात डावा डोळा गेला. गालावरचे डाग हळूहळू पुसट होतील, असं डॉक्टर म्हणाले. डोळ्याचं तिला मीच सांगितलं. तू एकदा दवाखान्यात येऊन गेलास आणि नंतर भाचीची साधी विचारपूससुद्धा केली नाहीस, म्हणून हे कळवते आहे.

तू आलास त्या दिवसाबद्दलच मला लिहायचं आहे. पांढुर्ण्याहून नागपूरला येताना तू संत्र्यांची पिशवी आणलीस. ज्यांची बोरगावला संत्र्याची बाग आहे त्यांच्या सुनेला संत्री. ते असो. खाटेपाशी तिचे सासरे पुंडलिकराव, सासू जयवंताबाई आणि आपले जावई, तिघंही उभे होते. तू पोरीच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाहीस, वर पंख्याकडे पाहत राहिलास. पिशवी ठेवलीस आणि व्याह्यांना म्हणालास, "झाकण बराबर नसन बसलं. आजकालच्या पोरी घाईत असतात. कुकर तं एक नंबरचा होता."

मी ती पिशवी उचलून खाटेखाली सरकवली.

वंदनाच्या डोळ्यावर पट्टी होती, कान उघडे होते. तिनं ते ऐकलं. तू गेल्यावर मला म्हणाली, "आई, मी कुकरले हातच नव्हता लावला. शिट्टीच होऊन नव्हती राहिली. मी पोळ्या लाटत होती." एवढं बोलून भिंतीकडे वळली. पण आता तिचं कोण ऐकतं? भांड्यांचा व्यापारी असलेला सख्खा मामा सांगून गेला की चूक पोरीची, मग सासरच्यांनी का मानू नये? जयवंताबाई तर प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगतात, "मामाजीच म्हणत होते, झाकण नसन लावलं." दवाखान्यातून तिला बोरगावला नेलं नाही. "बरी होऊ द्या, मंग पाहू," असं म्हणून माझ्याकडे सौंसरला आणून सोडलं. ज्या सुनेच्या हातून घर पेटू शकतं ती त्यांना चुलीपाशी नको आहे.

मला तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्यात. पुंडलिकरावांना एक ओळ लिही की वस्तू खराब होती, पोरीची चूक नाही. आणि तो कुकर ज्या खोक्यातून आला त्यातले बाकीचे कुकर फळीवरून उतरव. आमच्या शाळेतल्या छायाबाई पांढुर्ण्याहून जाणंयेणं करतात, त्यांनी परवाच तुझ्या दुकानात ते मांडलेले पाहिले. लग्नसराई तोंडावर आली आहे.

प्रेमलता


सौंसर, २६ फेब्रुवारी १९८९

श्रीधर,

ओळ आली नाही. नत्थूजी काका आले.

बाबांचा चुलतभाऊ म्हणून मी त्यांना पाट दिला, चहा दिला. त्यांनी पिशवीतून एक साडी काढली आणि तिच्याखालून कुकर काढला. नवा कोरा, त्याच खोक्यातला. तोच निळा कागद, तेच चिकटवलेलं आयएसआयचं चिन्ह. "श्रीधरनं पाठवला, बदलून देल्ला," म्हणाले. वंदना आतून पाणी घेऊन आली होती. तिनं तो पाहिला, तांब्या खाली ठेवला आणि मागच्या आवारात जाऊन बसली. काका जाईपर्यंत घरात आली नाही.

मी म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? ते बिचारे निरोप्याचं काम करतात. पण ज्यानं ही पिशवी भरली त्याची मला किळस येते. चोरानं घर लुटावं आणि जाताना कुलूप भेट द्यावं, तसं हे. साडी आणि कुकर दोन्ही काकांच्याच हाती परत पाठवले, ते पोहोचले असतील.

काकांनी तुझा निरोपही सांगितला. "आपलेच दात, आपलेच ओठ. घरची गोष्ट कोर्टात काहून नेऊन राहिली म्हणते श्रीधर. गोटमारीत दरसाल डोस्की फुटतात, कोनी रपोट देते का?"

गोटमार मलाही ठाऊक आहे, मी पांढुर्ण्यातच वाढले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या काठावर दगडफेकीला जो उभा राहतो तो आपल्या पायानं जातो, समोरून दगड येणार हे जाणून जातो. फुटलं तर हळद लावतो आणि गप्प बसतो, ते त्याचं त्याच्यापाशी. माझी पोरगी नदीवर गेली नव्हती. ती आपल्या घरात पोळ्या लाटत होती, आणि दगड तिच्या मामाच्या दुकानातून आला. गोटमारीतसुद्धा लपून मारत नाहीत, श्रीधर.

तू कोर्टाचं नाव काढलंस म्हणून सांगते. छायाबाईंनी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणून दिलं होतं. दोन वर्षं झाली, खरेदी करणाऱ्यांसाठी नवा कायदा झाला आहे. फसवून माल विकला, मालातल्या दोषानं इजा झाली, तर जिल्ह्याच्या उपभोक्ता फोरमकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही. स्टँप लागत नाही. मला आधी खरं वाटलं नाही. आपल्याकडे जमिनीच्या खसऱ्याच्या नकलेलाही कुणाचे तरी पाय धरावे लागतात. पण मी छिंदवाड्याची बस धरली आणि जाऊन विचारलं. तिथल्या बाबूनं सांगितलं, "सादे कागज पर लिख दो, बहनजी. क्या लिया, किससे लिया, क्या हुआ, क्या चाहिए."

वस्तू आईनं घेतली आणि लेकीनं वापरली, तर लेकही ग्राहकच, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "बाकीचा माल विकणं बंद करायला लावाल का?" तो अधिकार फोरमला नाही म्हणे. पैसे परत आणि नुकसानभरपाई, एवढंच. म्हणून तुझी फळी अजून तुझ्याच इमानावर सोडली आहे.

छिंदवाड्याच्या चौकशीची कुणकुण तुम्हाला लागलीच होती; ती मी तुला आधी विचारून करायला हवी होती असं नत्थूजी काकांना वाटलं. त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते. तक्रार मी मागच्याच आठवड्यात देऊन आले. खाली वंदनाची सही आहे, माझी आहे. नोटीस येईल ती घे, पोस्टमनला परत पाठवू नकोस.

प्रेमलता


सौंसर, १६ एप्रिल १९८९

श्रीधर,

तुझं लेखी उत्तर फोरममध्ये मला वाचून दाखवलं. वकिलानं चांगलं लिहिलं आहे. मी तीनदा वाचायला मागून घेतलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

तुझं म्हणणं असं: कुकर मी विकलेलाच नाही. भाचीच्या लग्नात मामा म्हणून आंदण दिलं. फुकट दिलेल्या वस्तूचा कुणी ग्राहक होत नाही, सबब तक्रार खारीज करावी. आणि पुरावा काय, तर कुकरवर टाकलेलं नाव. 'चि. सौ. कां. वंदनाला श्रीधरमामाकडून सप्रेम भेट.' तुझ्याच दुकानातल्या मशीननं टाकलेलं. स्फोटात झाकणाच्या चिंध्या झाल्या, पण नेमकी ती अक्षरं शाबूत राहिली.

अध्यक्षांनी मला विचारलं, "आपके पास रसीद है?"

माझ्यापाशी पावती नाही. कशी असेल? भावाच्या दुकानात भांडी घेऊन पावती मागणारी बहीण आपल्या मुलखात अजून जन्मायची आहे. आणि इथं तर पावती मागायची सोयच नव्हती, कारण जगाच्या डोळ्यांना ती खरेदीच नव्हती. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, तुझ्या बायकोला, रजनीलाही माहीत आहे.

तरी लिहिते, म्हणजे तू विसरला असलास तर आठवेल. लग्नाच्या महिनाभर आधी तू सौंसरला आलास. थोरल्या बहिणीला लहानपणापासून मारतोस ती हाक मारून म्हणालास, "बाई, औंदा हात तंग हाय. मामानं आंदण नाही देल्लं तं लोकं काय म्हनतीन?" वंदनाचे वडील गेल्यापासून मांडवात आमच्या बाजूनं उभं राहायला तूच होतास. मी विचार केला, झाकली मूठ सव्वा लाखाची. पांढुर्ण्याला आले, तुझ्या स्वयंपाकघरात बसून सगळ्या भांड्यांचे पैसे रजनीच्या हातात दिले. बाहेर ओसरीवर माणसं बसली होती म्हणून आत. तू दारातून पाहिलंस आणि पुन्हा बाहेर जाऊन बसलास. मग पैसे माझे आणि नाव तुझं, अशी भांडी मांडवात मांडली गेली. नत्थूजी काकांनी उभं राहून सांगितलं, "मामाकडून एकवीस भांडी." तू सगळ्यांना हात जोडलेस. पुंडलिकरावांनी तुला मिठी मारली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, माहेरची लाज राहिली म्हणून.

आणि आता तीच लाज तू ढालीसारखी पुढं धरतोस. बहिणीनं तुझी अब्रू विकत घेऊन दिली, तर तू म्हणतोस ती माझीच, फुकटची. नफा खाल्लास हे मी समजू शकते, तू व्यापारी आहेस. पण देणाऱ्याचा मान घेतलास, पैसेही घेतलेस, आणि वर पोरीच्या माथी दोष मारलास. इतकं सगळं एका कुकरमध्ये मावतं हे मला माहीत नव्हतं. मला तुझ्याबरोबर एका ताटात जेवल्याची आठवणसुद्धा आता नकोशी वाटते.

मोडका कुकर सीलबंद करून तपासायला पाठवला आहे. त्याचं जे निघेल ते निघेल. पण पैसे दिले हे सिद्ध झालं नाही तर तपासणीचा काही उपयोग नाही, असं अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं. कुणी साक्षीदार असेल तर पुढल्या तारखेला आणा म्हणाले. मी पुढल्या तारखेला सगळं बोलणार आहे. मांडवातल्या एकवीस भांड्यांसकट. मग आपल्या घराबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

पुंडलिकरावांनी तुझ्या उत्तराची बातमी ऐकली. जावई दर रविवारी बसनं येतात, वंदनाशेजारी बसतात. परवा मला म्हणाले, "बाबा म्हनून राहिले, मामा कोर्टात लिहून देते म्हंजे त्याचंच खरं असन." वंदना शेंगा सोलत होती. मान खाली घालून सोलतच राहिली.

प्रेमलता


सौंसर, २ जुलै १९८९

श्रीधर,

हे पत्र उद्या शाळेत छायाबाईंच्या हाती देते, म्हणजे संध्याकाळी तुझ्या हातात पडेल.

मुलताईला निरोप पाठवू नकोस. रजनी माहेरी गेलेली नाही. ती काल दुपारच्या बसनं माझ्याकडे आली. आल्या आल्या तिनं वंदनाला जवळ घेतलं. मग चेहऱ्याची ती बाजू हातानं चाचपून पाहिली.

जेवताना वंदनानं विचारलं, "मामी, तुमच्या घरी कोनता कुकर हाय?" पोरीनं सहज विचारलं. रजनीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"आमचा नागपूरचा हाय," रजनी म्हणाली. "मी ह्यायले म्हनलं होतं, दुकानातलाच एखादा द्या ना घरी. तं हे म्हने, तो नोको वापरू, त्याचा वाल्व काही कामाचा नाही. तो विकायचा माल हाय."

श्रीधर, मी हे पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं. विकायचा माल आहे. तुला माहीत होतं. लेबल चिकटवलेलं आहे, वाल्व नावालाच आहे, हे तुला माहीत होतं. बायकोला त्यापासून लांब ठेवलंस आणि भाचीच्या आंदणात घातलास. मी तुला इतके दिवस लोभी म्हणत होते. लोभी हा शब्द आता मला फार सोवळा वाटतो.

रजनी गुरुवारी माझ्याबरोबर छिंदवाड्याला येते आहे. पैसे तिच्या हातात दिले हे सांगेल, कुकरचंही सांगेल. मी तिला दोनदा म्हटलं, तुला त्या घरात परत जायचं आहे, विचार कर. ती म्हणाली, "त्याच घरात जायचं हाय म्हनूनच."

तुला हे आधी कळवते ते तुझ्यावर दया येऊन नाही. बायकोनं नवऱ्याविरुद्ध उभं राहायचं, हे तिला किती जड जातं आहे ते मी पाहते. काल रात्री अर्ध्या ताटावरून उठली. गुरुवारी तू स्वतः उभा राहून खरं बोललास, तर तिला तोंड उघडावं लागणार नाही. एवढी एक गोष्ट तिच्यासाठी कर. माझ्यासाठी नको, वंदनासाठी तर तू काही करणार नाहीसच.

प्रेमलता


सौंसर, १३ ऑगस्ट १९८९

श्रीधर,

तू उभा राहिला नाहीस. वकिलाशेजारी बसून पंख्याकडे पाहत राहिलास, दवाखान्यात पाहत होतास तसाच. म्हणून रजनी उभी राहिली.

फोरममध्ये तिघं असतात, त्यांपैकी एक बाई आहेत हे बरं झालं. दोघा पुरुषांनी रसीद, तारीख, माल कुठून आला हेच विचारलं. त्या बाईंनी चष्मा काढून रजनीला विचारलं, "आपके घर में दाल किस में पकती है?" रजनीनं सांगितलं. एकही शब्द गिळला नाही. मग म्हणाली, "पैसे बाईनं माह्या हातात देल्ले. मी ते तांदळाच्या कोठीत ठेवले. हे दारात उभे होते." त्यावर तुझ्या वकिलानं विचारलं की तुम्ही रागावून आलात का. रजनी म्हणाली, "राग असता तं मुलताईले गेली असती."

तपासणीचा अहवालही आला. वाफ कोंडली की जो वाल्व वितळून ती बाहेर सोडतो, तो वितळणारा नव्हताच. चिन्ह खरं असतं तर पत्र्यात ठसलेलं असतं, चिकटवलेलं नसतं. तू ते रोज हाताळतोस.

निकालाची प्रत तुला मिळाली असेलच. पैशाचं मी इथं लिहीत नाही. ते आले की डॉक्टरांच्या बिलात जातील, राहतील ते वंदनाच्या नावानं पोस्टात टाकीन. तू वर अपील करणार असं कानावर आलं. खुशाल कर, मलाही भोपाळची गाडी माहीत आहे.

माझं काम निकालातल्या एका ओळीनं झालं. 'दुर्घटना में उपभोक्ता की कोई त्रुटि सिद्ध नहीं होती.' गेल्या रविवारी पुंडलिकराव स्वतः सौंसरला आले, सुनेला न्यायला. ओशाळलेले होते. वंदना आतून आली आणि म्हणाली, "येते, मामंजी. पन आधी तो कागद बोरगावात वाचा. सासूबाईंसमोर." इतकं सरळ तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मीही सोबत बोरगावला गेले. त्यांनी वाचला. ओट्यावर शेजारपाजार बसला होता, जयवंताबाई दारात उभ्या होत्या. हिंदी कागद, तो त्यांनी अडखळत वाचला आणि मग आपल्या भाषेत सांगितला, "पोरीची चूक नव्हती. मामाचा माल खोटा होता." जयवंताबाई आत गेल्या, चुलीपाशी पाट मांडला आणि वंदनाला हाक मारली.

डोळा परत येत नाही. ती डावीकडे मान वळवून बोलते आता. पोळ्या करते, वरण उघड्या भगोन्यात शिजवते. ते तिनं ठरवलं, मी काही म्हटलं नाही.

रजनीचं पत्र आलं. गल्ल्यावर आता ती बसते म्हणे, आणि तू तिला काही म्हणत नाहीस. उरलेले कुकर तिनं भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येकाच्या बुडाला छिन्नीनं भोक पाडलं, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या दुकानात चढणार नाहीत. फोरमला जो अधिकार नव्हता तो तिनं स्वतःच घेतला.

आणि आता नत्थूजी काकांकरवी तुझा निरोप येतो. झालं गेलं नदीला मिळालं, बाईनं राखीला यावं.

मी विचार केला. आई जाताना तुझा हात माझ्या हातात देऊन गेली होती, तो काही कोर्टानं सोडवलेला नाही. राखीला मी येईन. वंदनाही येते म्हणते, मामीसाठी. तुला ओवाळीन, साखर तोंडात घालीन. नजर मात्र तुला आमच्या नजरेला द्यावी लागेल, घरात पंखा असला तरी त्याच्याकडे पाहायचं नाही.

ताटात काही टाकायचं असेल तर टाक. सोबत पावती दे.

तुझी बाई